एअर रायफलीचे 'अपग्रेड किट': वेगापेक्षा सातत्य मोलाचे

जत्रेतल्या फुगेवाल्याची बंदूक ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळाच. नळी खाली वाकवायची, छर्रा घालायचा, नळी पुन्हा जागेवर आणायची आणि चाप ओढायचा; फुगा फुटला तर नेमबाजाचे कौतुक, नाही फुटला तर दोष वाकड्या नळीचा! याच घराण्यातील, परंतु कितीतरी काटेकोरपणे घडविलेल्या एअर रायफलीने २००८ मध्ये बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांना ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरो येथे दहा मीटर एअर रायफल प्रकारात विश्वविजेता ठरला. अशा यशामुळे या खेळाविषयीचे कुतूहल वाढले आणि स्वतःची एअर रायफल बाळगणारे हौशी नेमबाजही शहरांतून दिसू लागले.

रायफल घरी आली की पुढचा मोह ठरलेला असतो, तो म्हणजे 'अपग्रेड किट'चा. नवी स्प्रिंग, नवे सील, एक-दोन प्लॅस्टिकचे भाग आणि ग्रीसची डबी अशा या संचाची जाहिरात बहुधा 'वेग वाढवा' अशी केलेली असते. ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिकेत हा उद्योग कित्येक दशके चालत आलेला आहे. तेथील अनुभवी कारागीर मात्र वेगाविषयी फारसे बोलत नाहीत, ते सातत्याविषयी बोलतात. हा फरक नीट समजला, तर किट घ्यावे की नाही, घेतल्यास ते घरी बसवावे की जाणकाराकडे द्यावे, याचा निर्णय करणे सोपे जाते.

ताकद येते कोठून?

बहुसंख्य हौशी रायफली स्प्रिंग-पिस्टन जातीच्या असतात. नावात 'एअर' असले, तरी त्यांत हवा साठविलेली नसते; साठविलेली असते ती स्प्रिंगमधील ऊर्जा. नळी वाकवली की आतील तरफ पिस्टनला मागे ढकलते, स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टनला अडवून धरणारी खुंटी, म्हणजे सिअर, त्याला मागेच रोखून धरते. चाप ओढताच खुंटी सुटते, पिस्टन सिलिंडरमधून पुढे झेपावतो आणि त्याच्यापुढची हवा एका चिंचोळ्या भोकातून छर्ऱ्याच्या पाठीशी कोंडली जाते. ही सारी घटना सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात उरकते. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड तापते, हे आपण अनुभवलेले असते. येथे तेच अतिशय वेगाने घडते, त्यामुळे कोंडलेली हवा क्षणभर शेकडो अंशांपर्यंत तापते.

या क्रियेत स्प्रिंगमधील ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भागच छर्ऱ्याच्या वाट्याला येतो. उरलेली ऊर्जा उष्णतेत, घर्षणात आणि हादऱ्यांत जाते. पिस्टन पुढे जाताना रायफल मागे सरकते आणि पिस्टन टोकाशी हवेच्या गादीवर थांबला की तीच रायफल पुढे ओढली जाते. असा दुहेरी धक्का मोठ्या काडतुसाच्या बंदुकीतही बसत नाही. छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच या हालचालींना प्रारंभ झालेला असतो. म्हणून स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरली तर नेम बिघडतो आणि हलक्या हाताने, रोज एकाच पद्धतीने धरली तर सुधारतो. १९६० च्या दशकात फाइनवेर्कबाउ या जर्मन कंपनीने आपल्या स्पर्धेच्या रायफलीत नळीसह संपूर्ण यंत्रणा रुळांवर मागे सरकेल अशी रचना केली होती, ती या धक्क्यावरच उपाय म्हणून.

रायफल जुनी झाली की तीन दोष दिसू लागतात. सतत दाबली जाऊन स्प्रिंग बसते, म्हणजे तिची मूळ लांबी व जोर घटतो. पिस्टनचे सील झिजते किंवा कडक होते आणि हवा मागे निसटू लागते. तिसरा दोष कानाला कळतो: स्प्रिंग आणि तिला आतून आधार देणारी दांडी यांच्यातील फट मोठी असेल, तर चाप ओढल्यावर स्प्रिंग आतल्या आत वाकते, थरथरते आणि तारेसारखा झणझणाट ऐकू येतो. कारखान्यातून नुकत्याच आलेल्या स्वस्त रायफलींतही हा तिसरा दोष सर्रास आढळतो.

किटमध्ये असते काय?

चांगल्या किटमध्ये सरळ टोकांची, नीट घासलेली स्प्रिंग असते. तिच्या पोटात बेताबेताने बसणारी, टणक व गुळगुळीत प्लॅस्टिकची मार्गदर्शक दांडी असते. पिस्टनच्या बाजूने टोपीसारखा बसणारा दुसरा आधार असतो. पिस्टनचे नवे सील आणि नळी जेथे यंत्रणेला टेकते तेथील लहान कडी असते. सोबत पातळ वॉशर आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे काळे ग्रीस येते. या यादीत वेग वाढविणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे स्प्रिंग. बाकी सर्व वस्तू हादरे कमी करण्यासाठी आणि प्रत्येक छर्ऱ्याला सारखाच दाब मिळावा यासाठी आहेत. किटची खरी किंमत आहे ती या 'बाकी सर्व' वस्तूंत.

नुसती अधिक ताकदीची स्प्रिंग टाकली तर काय होते? रायफल भरताना अधिक जोर लावावा लागतो, धक्का वाढतो, पिस्टन टोकाशी जाऊन आदळू लागतो, दुर्बिणीची भिंगे व स्क्रू सैल होतात आणि नेमाचा घेर मोठा होतो. ऑलिंपिकच्या दहा मीटर प्रकारात लक्ष्याच्या मध्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. तो टिपणाऱ्या स्पर्धेच्या रायफलीतून छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने सुटतो. बाजारातील कित्येक हौशी रायफली याहून वेगवान असतात. परंतु त्या ठिपक्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत. वेग आणि अचूकता या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, याचा याहून स्पष्ट दाखला नसावा.

वेगाचे गणित, कायद्याची रेघ

छर्ऱ्याची ऊर्जा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत शिकलेले सूत्र येथे थेट कायद्याशी येऊन भिडते. ०.५५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २१० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा सुमारे १२ जूल भरते. वेग केवळ दहा टक्क्यांनी वाढून २३१ मीटर झाला, तर ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढून साडेचौदा जूलच्या वर जाते. वेग २७० मीटर झाला की २० जूलची मर्यादा ओलांडली जाते. भारतात ही २० जूलची रेघ फार महत्त्वाची आहे. शस्त्र कायदा १९५९ चा असून त्याखालील २०१६ च्या नियमांनी हवेच्या शस्त्रांसाठी २० जूल ऊर्जा आणि ४.५ मिलिमीटर व्यास अशी सीमा आखली. तिच्या आत असणाऱ्या रायफलीला परवान्याची सूट मिळते. तिच्या पलीकडची रायफल परवान्याच्या कक्षेत येते. याच कायद्यानुसार अग्निशस्त्रांची निर्मिती, दुरुस्ती वा रूपांतर विनापरवाना करता येत नाही आणि अग्निशस्त्राच्या व्याख्येत केवळ स्फोटकावर चालणारीच नव्हे, तर अन्य प्रकारच्या ऊर्जेवर चालणारी शस्त्रेही येतात. म्हणजे दुकानातून कायदेशीररीत्या आणलेली रायफल घरच्या मेजावर अर्ध्या तासात बेकायदा होऊ शकते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

इतर देशांतील रेघा याहून कडक आहेत. ब्रिटनमध्ये रायफलीसाठी १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६.३ जूल, ही मर्यादा असून ती ओलांडणारी रायफल परवान्याविना बाळगणे गुन्हा ठरतो. स्कॉटलंडमध्ये तर २०१६ च्या अखेरीपासून त्याखालील बहुतेक एअर रायफलींनाही प्रमाणपत्र लागते. जर्मनीत पंचकोनात 'एफ' हे अक्षर कोरलेली, साडेसात जूलपर्यंतची रायफलच प्रौढ व्यक्तीला परवान्याविना घेता येते. याचा परिणाम असा झाला, की तेथील कारागिरांची कला ताकद वाढविण्यात नव्हे, तर ठरलेल्या मर्यादेत रायफल अधिकाधिक शांत व स्थिर करण्यात विकसित झाली. परदेशांतून किट मागविताना ते कोणत्या देशाच्या मर्यादेसाठी बनविले आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते. 'पूर्ण ताकद' असे लिहिलेली अमेरिकी बाजारासाठीची स्प्रिंग आपल्याकडे सरळ अडचणीत आणू शकते.

उघडण्यापूर्वी

या कामातील खरा धोका एका गोष्टीत आहे. रायफल भरलेली नसली, तरी आतील स्प्रिंग पूर्णपणे मोकळी नसते. ती काही सेंटीमीटर दाबूनच आत बसविलेली असते. मागचा ठोकळा बेसावधपणे सोडला, तर तो, स्प्रिंग आणि तिची दांडी थेट समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर येतात. ठोकळा नेमका कशाने धरलेला आहे हे आधी पाहावे. डायना ३४ सारख्या रायफलीत तो आडव्या पिनांवर असतो. पिना निघाल्या की सारा जोर एकदम मोकळा होतो. व्हाइरॉख एचडब्ल्यू ८० सारख्या रायफलीत तो आट्यांवर फिरवून बसविलेला असतो. तेथे अखेरच्या आट्याला जोर सुटतो. दोन्ही ठिकाणी स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे रायफलीची लांबी सामावून घेणारा आणि मागच्या ठोकळ्याला स्क्रूने दाबून धरणारा शिकंजा, अत्यावश्यक समजावा. गुडघ्यावर दाबून किंवा मित्राला धरायला सांगून हे काम करणारे पुष्कळ असतात. त्यांचे अनुकरण करू नये.

आपल्या रायफलीचा सुट्या भागांचा नकाशा मिळाला नाही, कॉम्प्रेसर नाही, किंवा डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा नाही, यांपैकी एक गोष्ट जरी कमी असली तरी काम जाणकाराकडे सोपवावे. रायफल हमीच्या मुदतीत असेल, तर उघडल्याने हमी संपुष्टात येते, हेही ध्यानी घ्यावे. मूळ स्थितीतील वेग मोजून, लिहून ठेवणे ही आणखी एक पूर्वतयारी. छर्ऱ्याचा वेग मोजणारे क्रोनोग्राफ नावाचे छोटे यंत्र यासाठी वापरतात. आधीचा आकडा नसेल, तर सुधारणा झाली की बिघाड, हे कळण्यास मार्गच उरत नाही.

बसवताना

प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री दोनदा करावी. नळीत छर्रा नाही आणि पिस्टन मागे अडकलेला नाही, हे पाहावे. दुर्बीण उतरवून ठेवावी. दस्त्याचे स्क्रू काढून यंत्रणा लाकडापासून वेगळी करावी. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि निघालेले स्क्रू क्रमाने, वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत; लांबीत दोन मिलिमीटरचा फरक असलेले स्क्रू अदलाबदलीने बसले, तर चापाच्या यंत्रणेत ते अडकू शकतात.

यंत्रणा कॉम्प्रेसरमध्ये सरळ रेषेत बसवून स्क्रू थोडा आवळावा, म्हणजे पिनांवरील ताण निघून जातो आणि त्या हलक्या ठोक्यानेही सरकतात. पिन अडली तर ठोका वाढवायचा नसतो. ताण अजून शिल्लक आहे, असा तिचा अर्थ असतो. पिना निघाल्यावर कॉम्प्रेसरचा स्क्रू अगदी सावकाश, स्प्रिंग पूर्ण मोकळी होईपर्यंत सोडावा. या संपूर्ण वेळात आपले डोके रायफलीच्या मागच्या रेषेत येऊ देऊ नये.

पिस्टन बाहेर काढण्याआधी नळीची तरफ सुटी करावी लागते. आतील सिलिंडर स्वच्छ कापडाने, जुने ग्रीस पूर्ण निघेपर्यंत पुसावे. सिलिंडरला पाडलेल्या खाचांच्या कडा बहुधा धारदार असतात आणि नवे सील आत सरकवताना त्या ते कापतात. या कामातील अपयशाचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. त्या कडा बारीक पॉलिश पेपरने मऊ कराव्यात, भुकटी पूर्ण पुसावी आणि मगच सील बोटाने आत दाबत, कडेला जपत बसवावे. सील सिलिंडरमध्ये किंचित अडत सरकले पाहिजे. ठोकावे लागत असेल तर ते जाड आहे आणि आपल्या वजनानेच घसरत असेल तर बारीक आहे.

ग्रीसच्या बाबतीत कंजुषी हाच सद्गुण. काळे ग्रीस पिस्टनच्या घासणाऱ्या भागांवर आणि स्प्रिंगच्या टोकांवर पातळ थरात लावावे. सीलच्या पुढे, म्हणजे हवा कोंडली जाते त्या भागात, तेलाचा थेंबही जाऊ देऊ नये. तापलेल्या हवेत ते तेल पेट घेते, जसे डिझेल इंजिनात इंधन पेटते. मोठा आवाज होतो, धूर निघतो, वेग अकस्मात वाढतो आणि स्प्रिंग व सील दोन्हींवर घातक ताण येतो. ब्रिटनमधील कार्ड्यू पितापुत्रांनी याविषयी केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. प्राणवायू नसलेल्या नायट्रोजनच्या वातावरणात रायफल चालविल्यावर तिचा वेग लक्षणीय घटला. म्हणजे सामान्य रायफलीतही ग्रीसचे किंचित ज्वलन होतच असते, हे त्यातून दिसून आले. हे ज्वलन मर्यादेत राहते तोवर ठीक. तेल वाढवून ते वाढविणे म्हणजे सुधारणा नव्हे.

स्प्रिंगसोबत आलेले वॉशर सगळेच बसवायचे असतात, असा एक गैरसमज आहे. प्रत्येक वॉशरने स्प्रिंग थोडी अधिक दाबली जाते आणि ताकद वाढते. प्रथम एकही वॉशर न घालता जोडणी करून वेग मोजावा. जोडणी उघडण्याच्या उलट क्रमाने करावी आणि दस्ता बसविण्यापूर्वी चापाची यंत्रणा तपासावी.

चाचणी आणि संयम

पहिल्यांदा रायफल भरताना नळी वा तरफ हातातून सुटू देऊ नये. पिस्टन नीट अडकला नसेल, तर नळी चाबकासारखी वर येते आणि बोटे मोडू शकतात. एरवीही छर्रा घालताना नळीवरचा हात न सोडण्याची सवय लावून घ्यावी. छर्ऱ्याशिवाय चाप कधीही ओढू नये. हवेची गादी न मिळाल्याने पिस्टन धातूवर आदळतो आणि नवे सील एका दिवसात निकामी होऊ शकते.

नंतर किमान दहा छर्ऱ्यांचा वेग मोजावा. सरासरीपेक्षा सर्वाधिक आणि सर्वांत कमी वेगांतील अंतर अधिक बोलके असते. ते कमी झाले असेल, तर किटने आपले काम केले असे समजावे. हलक्या आणि जड अशा दोन्ही छर्ऱ्यांनी मोजणी करावी, कारण एकाच रायफलीची ऊर्जा छर्ऱ्यानुसार बदलते. २० जूलची मर्यादा कोणत्याही छर्ऱ्याने ओलांडली जाता कामा नये. नवी स्प्रिंग पहिल्या काही शे छर्ऱ्यांनंतर थोडी बसते आणि वेग किंचित उतरून स्थिर होतो. हा उतार पाहून लगेच वॉशर वाढविण्याची घाई करू नये. चाचणीच्या जागी छर्रा रोखणारा भक्कम आडोसा हवा. इमारतीची गच्ची किंवा सोसायटीचे आवार ही त्यासाठीची जागा नव्हे. नेम चुकलेला छर्रा दोन-तीनशे मीटरही जाऊ शकतो. छर्रे शिशाचे असल्याने काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

घरी ज्यांना हात लावू नये अशा गोष्टी

तीन कामे घरी करू नयेत. पहिले, चाप हलका करण्यासाठी सिअर कानशीने घासणे. त्या पृष्ठभागावरचे कडक केलेले पोलाद एकदा गेले, की रायफल धक्क्यानेही सुटू शकते. दुसरे, पोलादी स्प्रिंगऐवजी येणारा गॅस रॅम उघडणे. त्यात नायट्रोजन उच्च दाबाने भरलेला असतो. तिसरे, स्पर्धेच्या रायफलींत असणाऱ्या दाबाच्या सिलिंडरशी खेळणे. त्यांत साधारण २०० बार दाबाची हवा असते, म्हणजे मोटारीच्या चाकातील दाबाच्या सुमारे नव्वदपट. अशा सिलिंडरवर वापराची मुदत कोरलेली असते आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मुदत उलटलेला सिलिंडर चालत नाही. त्याचे सील व झडपा बदलण्याचे काम कंपनीच्या अधिकृत कारागिराचेच.

राहता राहिला प्रश्न ताकद हवी कशाला, हा. दहा मीटरवरील कागदाला आठ जूल पुरतात. त्याहून अधिक ऊर्जेची ओढ पुष्कळदा पक्ष्यांकडे वळते आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१ मध्ये एअरगन स्वेच्छेने परत करण्याची मोहीम सुरू करावी लागली, ती हवेच्या बंदुकांनी जंगलातील पाखरे संपत चालली म्हणूनच. ज्याला कागदावरील ठिपकाच टिपायचा आहे, त्याच्यासाठी उत्तम किट तेच, जे बसविल्यानंतर रायफलीचा झणझणाट थांबतो, धक्का सौम्य होतो आणि दहा छर्रे एकमेकांच्या अधिक जवळ जाऊन बसतात. क्रोनोग्राफवरील आकडा तेवढाच राहिला, किंबहुना थोडा उतरला, तरी त्याने खंत करण्याचे कारण नाही.